जुनी सोड्याची बाटली किती जुनी? बुडावरची खूण वाचायची कशी

इथे अमेरिकेत ओळखीपाळखीच्या मराठी मंडळींना एव्हाना कळलंय की मला जुन्या बाटल्यांचा नाद आहे, त्यामुळे कुणाला गराज सेलमध्ये, कुणाला नवीन घेतलेल्या घराच्या बेसमेंटमध्ये, कुणाला परसात टोमॅटो लावायला खणताना बाटली सापडली की मला फोटो येतो आणि खाली प्रश्न, "दादा, ही किती जुनी असेल?" आणि दर वेळी फोटो पुढून काढलेला असतो. नाव दिसतं, रंग दिसतो, आकार दिसतो, पण जे बघायचंय ते दिसत नाही. माझं उत्तर ठरलेलं, बाटली उलटी कर, बुडाचा फोटो पाठव, आणि बुडाच्या जरासं वर जिथे पोट संपून कड आत वळते ना, त्या कडेचा पण चारी बाजूंनी पाठव. त्या कडेला इथले लोक हील म्हणतात, मी टाच म्हणतो.

हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. नवीन माणसाला पहिल्या पाच-दहा बाटल्यांना पुरेल एवढं सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सोडा भरणारा वेगळा आणि बाटली बनवणारा वेगळा. पुढे मोठ्या अक्षरात जे नाव असतं ते भरणाऱ्याचं, म्हणजे त्या गावातल्या बॉटलिंगवाल्याचं. काचेच्या कारखान्याची खूण बारीक असते आणि बुडावर नाहीतर टाचेवर लपलेली असते, कारण ती गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. माल खराब निघाला, बाटल्या फुटायला लागल्या तर कुठल्या कारखान्यातला, कुठल्या साच्यातला माल ते कळावं म्हणून ती टाकायचे, आणि बाटल्या परत घेऊन पुन्हा भरायचे दिवस होते ते, तर एक बाटली किती वर्षं टिकते हे समजायला वर्षाचा आकडा पण टाकायला लागले. त्यांच्या हिशेबाची सोय होती ती, आज आपल्याला उपयोगी पडतेय.

आता कामाला लागू. पहिलं काम धुणं, आणि इथेच नवीन लोक घात करतात. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ ब्रश, एवढंच. थंडीत बाहेर पडलेली बाटली आणून तिच्यावर कढत पाणी ओतू नका, तडकते. ज्या बाटलीवर रंगात छापलेलं लेबल आहे तिला तारेची घासणी लावायची नाही, डिशवॉशरमध्येही टाकायची नाही. माझ्याकडे एक लाल-पांढऱ्या लेबलची छोट्या गावातली ऑरेंज सोड्याची बाटली होती, सुरुवातीच्या दिवसांत मी ती स्टीलच्या घासणीने घासली आणि निम्मं लेबल माझ्या डोळ्यांदेखत सिंकमधून वाहून गेलं. त्या बॉटलिंगवाल्याची दुसरी बाटली मला आजवर मिळालेली नाही. मातीतून काढलेल्या बाटलीवर जो पांढुरका, इंद्रधनुष्यासारखा थर असतो तो साबणाने जात नाही, जाऊ दे, राहू दे तसाच.

सामान म्हणाल तर एक भिंग, एक बारीक टॉर्च, मऊ शिसपेन्सिल, पातळ कागद आणि थोडी टाल्कम पावडर. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च बुडाला अगदी आडवी धरा, समोरून नाही, बाजूने. उठावाच्या अक्षरांची सावली पडते आणि जे दिवसा उजेडात नुसतं खडबडीत वाटत होतं तिथे आकडा उभा राहतो. तरी वाचता येत नसेल तर बोटाने पावडर चोळून वरची पुसून टाका, खाचेत राहते तेवढ्याने काम होतं. नाहीतर लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच करायचं, ते सगळ्यात उत्तम, कारण कागद हातात राहतो आणि बाटली परत परत हाताळावी लागत नाही. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत काढा. टिंब असेल तर टिंब, दोन अक्षरांमध्ये आडवी रेघ असेल तर ती पण, कोणता आकडा खुणेच्या डावीकडे आणि कोणता उजवीकडे ते सुद्धा. याच टिंबाने पुढे दहा वर्षांचा फरक पडतो, खरंच सांगतो. आणि इंग्रजी सहा-नऊच्या बाबतीत जपून, बूड गोल असतं, आपण बाटली कशी धरलीय त्यावर सहाचा नऊ होतो. बाकीची अक्षरं सरळ दिसतील अशी धरा आणि मगच आकडा वाचा.

खुणेचा अर्थ लावायच्या आधी बाटलीच्या तोंडाकडे बघायचं. ही पायरी लोक गाळतात आणि मग फसतात. बाटलीच्या बाजूने साच्याची एक बारीक रेघ वर जाते, ती बोटाने चाचपत वर न्या. गळ्यातच कुठेतरी विरून गेली आणि ओठाची कड वेगळी, हाताने फिरवून केलेली दिसली तर बाटली तोंडाने फुंकून बनवलेली आहे. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली मशीनची. बाटल्या आपोआप बनवणारं मशीन मायकेल ओवेन्स या माणसाने टोलीडोत १९०३-०४च्या सुमाराला चालू केलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सोड्याच्या बाटल्या बहुतेक मशीनवर गेल्या. त्यामुळे ओठावरून रेघ गेलेली सोड्याची बाटली कुणी तुम्हाला १८९०ची म्हणून विकत असेल तर घेऊ नका. ओवेन्स मशीनची अजून एक ओळख आहे, बुडावर एक वेडावाकडा गोल वण असतो, पिसासारखी कड असलेला, मशीन काच शोषून घेऊन कापायचं त्याचा तो वण. नवीन लोकांना ती तडा वाटते. तडा नाही ती.

मी ओहायोत राहतो, टोलीडो माझ्यापासून दीडेक तासावर. त्या शहराला ग्लास सिटीच म्हणतात. ओवेन्स स्वतः दहा वर्षांचा असताना काचेच्या कारखान्यात कामाला लागला होता. लुईस हाइन या फोटोग्राफरने १९०८ साली इंडियाना आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या काच कारखान्यांतल्या पोरांचे फोटो काढले, रात्रपाळीला भट्टीसमोर उभी असलेली पोरं. ते फोटो एकदा बघा. हाताने फुंकलेल्या बाटलीच्या ओठावर तिरपी झालेली काच दिसली की मला ती पोरं आठवतात आणि बाटली खाली ठेवताना हात आपोआप हळू होतो. मशीन आल्यावर या पोरांचं काम कमी होत गेलं.

तोंडाचा प्रकार पण काळ सांगतो. आखूड गळा, जाड ओठ आणि आत तारेचा आकडा आणि रबराची चकती असलेलं बूच (बहुतेकदा तार गेलेली असते, नुसता गळाच उरतो) ही हचिन्सन बाटली. शिकागोच्या चार्ल्स हचिन्सनने त्याचं पेटंट ८ एप्रिल १८७९ला घेतलं. तार खाली दाबली की फट्ट आवाज यायचा. ओपनरने उघडायचं नागमोडी कडेचं पत्र्याचं झाकण म्हणजे क्राउन, ते बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचं, पेटंट २ फेब्रुवारी १८९२. म्हणजे क्राउनचा ओठ असेल तर १८९२च्या आधीचा प्रश्नच येत नाही, आणि हचिन्सन असेल तर १८७९ ते पहिल्या महायुद्धाच्या जरा आधीपर्यंत. तोंड आणि रेघ मिळून अर्धं काम झालं, आता बूड.

अमेरिकन सोड्याच्या बाटल्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त भेटणारी खूण एकच आहे, म्हणून तिच्यावरच जास्त वेळ घालवू. आडवा ताणलेला चौकट, म्हणजे पत्त्यातला चौकट आडवा ओढल्यासारखा, त्याच्यावर बसलेला लंबगोल ओ, आणि त्या ओच्या मधोमध उभा आय. शनी ग्रहाचं चित्र असतं ना कड्यासकट, तसं दिसतं. ही ओवेन्स-इलिनॉय ग्लास कंपनीची खूण. १९२९ साली टोलीडोची ओवेन्स बॉटल कंपनी आणि आल्टन गावची इलिनॉय ग्लास कंपनी एकत्र झाल्या त्यातून ही कंपनी निघाली, आणि खूण पण दोघांची मिळून केलेली. आधी ओवेन्सची खूण होती चौकोनात ओ (१९१९ ते १९२९), आणि इलिनॉय ग्लासची चौकटात आय (साधारण १९१५ ते १९२९). तर आडव्या चौकटासकट ओ-आय दिसला की बाटली १९२९ किंवा नंतरची. १९५४मध्ये त्यांनी चौकट काढून टाकला आणि नुसता ओ आणि आत आय ठेवला, पण जुने साचे संपेपर्यंत काही ठिकाणी चौकटवाली खूण १९५०च्या दशकाच्या शेवटापर्यंत चालत राहिली.

या खुणेभोवती आकडे असतात. डावीकडचा कारखान्याचा नंबर, उजवीकडचा वर्षाचा, खालचा साच्याचा. ९ नंबर म्हणजे इलिनॉयमधलं स्ट्रीटर, सोड्याच्या बाटल्यांवर हा फार भेटतो. ७ म्हणजे आल्टन, ३ म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातलं फेअरमाँट, २० म्हणजे कॅलिफोर्नियातलं ओकलंड. असे बरेच आहेत, हळूहळू पाठ होतात. खरी गंमत उजवीकडच्या आकड्यात आहे. १९३०च्या दशकात ते एकच आकडा टाकायचे, ६ म्हणजे १९३६. मग १९४० उजाडलं आणि पुन्हा तेच आकडे आले, तर फरक कळावा म्हणून आकड्यापुढे टिंब द्यायला लागले, ३ आणि टिंब म्हणजे १९४३. पण सगळ्या कारखान्यांनी आणि सगळ्या साच्यांवर टिंब दिलंच असं नाही, आणि काहींनी १९४०च्याच दशकात सरळ दोन आकडे टाकायला सुरुवात केली. म्हणून टिंब असेल तर चांगला पुरावा, टिंब नसेल तर त्याचा अर्थ लगेच १९३०चं दशक असा लावायचा नाही.

एक बाटली घेऊन दाखवतो, माझ्या टेबलावरच आहे. हिरवट काच, अंगावर पिवळ्या आणि पांढऱ्या रंगात छापलेलं लेबल, ओठावरून रेघ गेलेली, क्राउनचं तोंड. बुडावर चौकटवाला ओ-आय, डावीकडे ९, उजवीकडे ६, टिंब नाही, मी टॉर्च लावून तीनदा बघितलंय, नाही. खाली २. आणि खुणेच्या वर हाताने लिहिल्यासारख्या तिरक्या अक्षरात ड्युराग्लास. ज्याच्याकडून घेतली तो म्हणाला १९३६ची, आणि नुसता ६ बघितला तर कुणीही तेच म्हणेल. पण ड्युराग्लास हा शब्द कंपनीने बाटल्यांवर टाकायला सुरुवात केली १९४० साली. बूड पण गुळगुळीत नाही, बारीक बारीक ठिपके आहेत, दाणेदार, तो प्रकार पण १९४०पासूनचाच. म्हणजे १९३६ गेलं. १९५६ असेल का? तोवर दोन आकड्यांची पद्धत बसली होती, तिथे नुसता ६ आला नसता. राहिलं १९४६. स्ट्रीटर, इलिनॉय, १९४६, साचा २. हे सगळं एका रुपयाएवढ्या जागेत लिहिलेलं असतं.

बघा, इथे खुणेने एकटीने उत्तर दिलं नाही. खूण, एक शब्द आणि बुडाचा पोत, तिघांचं जिथे जमलं तिथे वर्ष मिळालं. मी नवीन माणसाला हेच परत परत सांगतो, एका पुराव्यावर तारीख ठरवायची नाही, निदान दोन तरी एकमेकांना दुजोरा देणारे हवेत.

बाकीच्या खुणा आता भराभर सांगतो. ए, बी आणि पुढे सी-ओ अशी अक्षरं असतील तर अमेरिकन बॉटल कंपनी, १९०५ ते साधारण १९१६, नंतर ती ओवेन्सच्या हातात गेली आणि स्ट्रीटरचा कारखाना तिच्याच वारशातला. पण ए आणि बी एकमेकांना चिकटवून एकच आकृती केलेली असेल तर ती वेगळी भानगड, ती अॅडॉल्फस बुश यांच्या काच कारखान्याची, मुख्यतः बिअरच्या बाटल्या. एल आणि जी मध्ये आडव्या रेघेसकट म्हणजे ओक्लाहोमातल्या सापुल्पाची लिबर्टी ग्लास. चौकोनात जी म्हणजे पेनसिल्व्हेनियातली ग्लेनशॉ. चौकोनात एन म्हणजे ऑबेअर-नेस्टर. जहाजाचा नांगर आणि त्याच्यावर एच म्हणजे अँकर हॉकिंग, ही कंपनी १९३७ साली झाली, तेव्हा त्याच्या आधीची बाटली असूच शकत नाही. साउथ कॅरोलायनातली लॉरेन्स तर बिचारी आपलं नाव आख्खं लिहायची किंवा एल जी डब्ल्यू, तिथे डोकं चालवावंच लागत नाही. आणि गोलात सी दिसला की लोक म्हणतात हे कॉपीराइटचं चिन्ह आहे. नाही हो, ती टेनेसीतल्या चॅटनुगा ग्लासची खूण आहे, १९२७च्या सुमारापासून पुढची, दक्षिणेकडच्या कोकच्या बाटल्यांवर भरपूर सापडते.

जुन्या, म्हणजे हाताने फुंकलेल्या बाटल्यांवर मात्र सावकाश जा, कारण तिथे नुसती आद्याक्षरं असतात. हचिन्सन बाटलीच्या बुडावर मोठ्ठी दोन अक्षरं असतील तर ती बहुतेकदा काच कारखान्याची नसतातच, सोडा भरणाऱ्याचीच असतात, पुढच्या नावाशी ताडून बघा, लगेच कळतं. कारखान्याची खूण बारीक अक्षरात टाचेवर सापडते, जसं डी ओ सी, ते पिट्सबर्गचे डी. ओ. कनिंगहॅम. आणि एकाच आद्याक्षरांचे दोन कारखाने पण असायचे. आय जी आणि सी-ओ असं दिसलं की सगळे इलिनॉय ग्लास म्हणून मोकळे होतात, पण पिट्सबर्गला इमसेन ग्लास कंपनी होती, तिची पण हीच अक्षरं. अशा वेळी सोडा भरणारा कुठल्या गावचा आणि तो धंदा कुठल्या वर्षांत चालू होता ते शोधायचं. गावच्या लायब्ररीत जुन्या सिटी डिरेक्टरी असतात, वर्षावर्षाच्या, त्यात धंद्याचं नाव कधी येतं आणि कधी गायब होतं ते बघितलं की बाटलीचा काळ अरुंद होतो. हे काम मला फार आवडतं. तिथे बसून एखाद्या सोडावाल्याचा पत्ता तीन वेळा बदललेला बघायचा, मग एका वर्षी धंदा त्याच्या बायकोच्या नावावर आलेला दिसतो, तो कधी वारला ते न लिहिताच कळतं.

आता कोकची बाटली, कारण तुमच्यातल्या निम्म्यांच्या हातात पहिली तीच येणार आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. माझी स्वतःची पहिली खरेदी तीच. एका फ्ली मार्केटमध्ये मी चाळीस डॉलर मोजून बाटली घेतली, पोटावर स्वच्छ लिहिलेलं, पेटंट १६ नोव्हेंबर १९१५, विकणारा म्हणाला एकोणीसशे पंधराची आहे, आणि मी पण म्हटलं लिहिलंच आहे की. घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की ती तारीख पेटंटची, बाटलीची नाही. कंबर असलेला तो आकार इंडियानातल्या टेरे होट गावच्या रूट ग्लास कंपनीत १९१५ साली तयार झाला, पेटंट अलेक्झांडर सॅम्युअलसनच्या नावावर, आकार काढला अर्ल डीनने, आणि तो काढला कोकोच्या शेंगेचं चित्र बघून, जरी कोकमध्ये कोको नसतो. त्या पेटंटच्या तारखेच्या बाटल्या पुढे दहा-बारा वर्षं बनत राहिल्या. माझी १९२०च्या दशकातली निघाली. बाटली वाईट नाही, अजून माझ्याकडे आहे, पण पैसे मी पंधरा सालचे दिले.

म्हणून कोकच्या बाटलीवरची पेटंटची ओळ अशी वाचायची. १६ नोव्हेंबर १९१५ असेल तर साधारण १९१६-१७ ते १९२०च्या दशकाच्या शेवटापर्यंत. २५ डिसेंबर १९२३ असेल, हिला नाताळची बाटली म्हणतात, तर साधारण १९२८ ते १९३८. डी आणि पुढे १०५५२९ हा आकडा असेल तर १९३८ ते १९५१. आणि नुसतं यूएस पेटंट ऑफिसचा उल्लेख असेल तर १९५१ नंतरची. आता याच्यावर काच कारखान्याची खूण ठेवा आणि बघा काय होतं. नाताळच्या बाटलीच्या टाचेवर रूट लिहिलेलं असेल, तर रूट ग्लास १९३२ साली ओवेन्स-इलिनॉयने घेतली, म्हणजे बाटली १९२८ ते १९३२ मधलीच. दहा वर्षांचा काळ चारवर आला. किंवा १०५५२९वाली बाटली आहे, खुणेजवळ दोन आकडे आहेत, १७ आणि ४७, त्यातलं वर्ष कुठलं? जे ३८ ते ५१ मध्ये बसतं ते, म्हणजे ४७. दोन्ही आकडे त्या काळात बसत असतील तर मात्र हट्ट करू नका, दोन्ही लिहून ठेवा आणि तशीच दुसरी बाटली मिळेपर्यंत थांबा. बुडावर शहराचं नाव असतं ते बाटली जिथल्या बॉटलिंगवाल्यासाठी बनली त्याचं, काच तिथे बनली असं समजू नका. नुसती शहरांची नावं गोळा करणारे लोक आहेत इथे, शेकड्याने बाटल्या, सगळ्या उलट्या मांडलेल्या.

अजून दोन-तीन टेकू देतो, जे कुठल्याही सोड्याच्या बाटलीला लागू पडतात. रंगात छापून भाजलेलं लेबल सोड्याच्या बाटल्यांवर १९३४-३५पासून दिसायला लागलं, त्याआधी नाही. आत किती औंस आहे ते बाटलीवर उठावाने लिहिलेलं असेल तर ती बहुतेक १९१३ नंतरची, कारण त्या वर्षी मापाचा आकडा लिहायचा कायदा झाला. पांढरी काच उन्हात जांभळी झालेली असेल तर तिच्यात मँगनीज आहे, साधारण १८८०च्या दशकापासून पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंतचं ते लक्षण, पण हल्ली किरणं सोडणाऱ्या मशीनखाली ठेवून मुद्दाम गडद जांभळ्या केलेल्या बाटल्या पण विकतात, रंग फारच भडक असेल तर दूर राहा. आणि नक्कल ओळखायची तर बुडाची कड बघा. ज्या बाटलीने वर्षानुवर्षं लाकडी क्रेटमध्ये, बॉटलिंगच्या पट्ट्यावर, दुकानाच्या फरशीवर घासाघीस खाल्लीय तिच्या बुडाच्या कडेला धुरकट गोल चट्टा असतो, सगळ्या दिशांनी ओरखडे. कंपन्यांनी स्वतःच वर्धापनाच्या निमित्ताने जुन्या रूपाच्या बाटल्या काढल्यात, त्यात खोटेपणा काही नाही, पण त्या तशा म्हणून विकायला हव्यात.

खणायला जाणार असाल तर जमिनीच्या मालकाला विचारूनच, आणि जाड हातमोजे घालून. सरकारी जागेत, पार्कात नाही.

आता आपल्याकडच्या गोटी सोड्याबद्दल, कारण भारतात गेलो की सगळे तेच विचारतात. गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजाची, पेटंट १८७२चं, आणि ती बनवण्यात यॉर्कशरमधलं बार्न्सली गाव पुढे होतं, तिथल्या रायलँड्स घराण्याचा कारखाना सगळ्यात नावाजलेला. मुंबईला सोड्याचा धंदा जुना, पालनजी १८६५चे, पुण्याला अर्देशिर १८८४चे, मुंबईलाच ड्यूक्स १८८९चे, आणि तिथल्या सोडावाल्यांसाठी विलायतेतून बाटल्या बनून यायच्या, अंगावर मुंबईचं नाव आणि टाचेवर इंग्रज काचवाल्याचं. नियम तेच, पुढचं नाव भरणाऱ्याचं, टाचेवरचं बनवणाऱ्याचं. फक्त एक लक्षात ठेवा, अमेरिकेत हचिन्सन बंद पडली तशी आपल्याकडे गोटी बंद पडली नाही, भारतात ती अजून बनते. त्यामुळे नुसती गोटी आहे म्हणून बाटली जुनी ठरत नाही, जुन्या बाजारात परवाची बाटली पण मातीत घोळवून मांडलेली असते. काचवाल्याचं नाव आणि गाव नसेल तर मी वर्ष सांगायच्या फंदात पडत नाही.

मागच्या दिवाळीत कोकणात मामाकडे होतो, तर माळ्यावरून दोन गोटीच्या बाटल्या निघाल्या. एकीवर काहीच नाही, गुळगुळीत, जड, तिला मी बाजूला ठेवलं. दुसरीच्या टाचेवर माती बसलेली होती. मामीने जुना टूथब्रश दिला, ओसरीवर बसून घासली, कंदील नव्हता पण मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, तर आधी आर आणि वाय दिसले, मग मधलं झिजलेलं, आणि शेवटी बार्न्सली पुरं वाचता आलं. पहिलं नाव डॅन आहे का ते बघायला पावडर लावली, डी आणि एन लागले, ए झिजलेला. डॅन रायलँड्स हे वडिलांच्या मागे कारखान्यात पुढे आलेलं नाव, म्हणजे १८८०च्या दशकात किंवा त्याच्या नंतर. पोटावर सोडावाल्याचं नाव होतं ते मात्र फार पुसलंय, नुसतं शेवटचं बॉम्बे वाचता येतं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने घासून ठसा घेतला आणि एक चिठ्ठी लिहून बाटलीच्या गळ्यात बांधली, "डॅन रायलँड्स, बार्न्सली, इंग्लंड. १८८० नंतर. मुंबईचा सोडावाला, नाव लागत नाही." मामाने ती देवघराच्या फळीवर ठेवलीय, ठसा माझ्याकडे आहे, पुढच्या खेपेला मुंबईत जुन्या डिरेक्टऱ्या बघायच्यात.